आमच्या घरात फक्त गाडी पिते

वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. इकडे सेवाग्राम, तिकडे पवनार, तेव्हा ते रास्तच. बंदी इतकी कडक की बाटलीसाठी माणसाला घराबाहेर पडावं लागतं; काही वस्त्यांमध्ये तेवढेही कष्ट पडत नाहीत. पोलिसांची वॉशआउट मोहीम निघते, मोहाचा सडवा नाल्यात ओतला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मुद्देमालामागे उभ्या असलेल्या पथकाचा फोटो येतो. अशा या जिल्ह्यात कायद्याच्या डोळ्यांदेखत, रांगेत उभं राहून, रीतसर पावती घेऊन पिणारी एकच जमात उरली आहे. तिच्यात आमची २००५ ची मारुती ८०० मोडते.

पंपावर हल्ली मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच, उसाच्या मळीतून, मक्यातून, तांदळाच्या कणीतून काढलेलं. वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं. ते २०२५ मध्येच गाठलं. (सरकारी काम मुदतीच्या पाच वर्षं आधी झालं, की शहाण्या माणसानं आधी खिसा चाचपावा.) एटहंड्रेडच्या टाकीत २८ लिटर मावतं. म्हणजे टाकी फुल करून मी बजाज चौकातून उजळ माथ्यानं जातो, तेव्हा माझ्याजवळ साडेपाच लिटर अल्कोहोल असतं. नाक्यावरचा हवालदार माझ्या तोंडाचा वास घेतो. सायलेन्सरचा कुणी घेत नाही.

सवय नसलेल्याला एकदम पाजलं तर जे होतं, ते गाडीचंही होतं. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्या या पेयासाठी तयार होऊन बाहेर पडल्या. आमची त्याआधीची, सात्त्विक वळणाची. एका सकाळी ती खोकत खोकत बंद पडली, म्हणून मिस्त्रीकडे नेली. त्यानं बोनेट उघडलं, पेट्रोलचा रबरी पाइप काढला आणि दोन बोटांत दाबून माझ्या नाकासमोर धरला. पाइपला चहूकडून भेगा.

"भाऊ, हे आतून सडून राह्यलं. इतके वर्स साधं पेट्रोल पेली बिचारी. आता म्हातारपणी तुमी तिले पाजून राह्यले."

"मी कुठं पाजतोय? पंपावर दुसरं मिळतच नाही!"

"पेणारा हरेक माणूस असंच सांगते," तो म्हणाला आणि पाना शोधायला लागला.

अल्कोहोल हवेतलं पाणी ओढून घेतं, हेही त्यानंच समजावलं. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवली, तर टाकीच्या तळाशी पाणी वेगळं बसतं. म्हणजे रोज पाजा, नाहीतर आत पाणी होईल. व्यसनमुक्ती केंद्रात बरोबर याच्या उलट सांगतात.

अ‍ॅव्हरेजचं विचारू नका. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. जुन्या बनावटीच्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहून ठेवलं होतं. घट आली, तितक्या टक्क्यांनी स्वस्ताई आली नाही. देशाचं परकीय चलन वाचतं, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, हे मला मान्य आहे. फक्त आमचा जिल्हा पडला मुख्यतः कापूस-सोयाबीनचा. सरकीतून अल्कोहोल काढायची युक्ती निघेपर्यंत आमच्या शेतकऱ्यानं देशप्रेमावर भागवावं.

खरी गंमत आरटीओत आहे. पंपावर उभी असताना हीच गाडी पर्यावरणाची सेवा करते, मोठ्या फलकावर तसं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं असतं. तीच गाडी पासिंगला नेली की पर्यावरणाची शत्रू ठरते आणि तिला पर्यावरण कर बसतो. शिवाय वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी २०२५ च्या ऑगस्टपासून दहा हजार रुपये. २०२२ च्या आधी पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण सहाशे रुपयांत व्हायचं. माणूस म्हातारा झाला की एसटी त्याचं तिकीट निम्मं करते, पंचाहत्तरीनंतर तर फुकट नेते. गाडीच्या नशिबी ज्येष्ठ नागरिक होणं नाही. वर ती नवी नंबरप्लेट. एमएच ३२ आणि पुढचे आकडे जुनेच, पण आता ते उच्च सुरक्षेत आहेत. गाडी चोरीला जाण्याची भीती मला कधी वाटली नव्हती. चोराला ती आधी सुरू करावी लागेल.

मग विकून का टाकत नाही? १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या एटहंड्रेडची किल्ली हरपालसिंग यांच्या हातात दिली, २०१४ च्या जानेवारीत कारखान्यानं शेवटची गाडी काढली. मधल्या तीस वर्षांत या तीन सिलिंडरच्या ७९६ सीसी इंजिनानं एवढे मिस्त्री घडवले की सेलू असो, समुद्रपूर असो, झाडाखाली पान्याचा डबा घेऊन बसलेला कुणीही ही गाडी दुरुस्त करतो. नवी गाडी बिघडली की तिला लॅपटॉप लावतात आणि लॅपटॉप जे म्हणेल त्याचं बिल देतात. हिला कान लावला की पुरतं. मात्र येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढवायचा मोह मी आवरतो. तिथली मर्यादा १२० ची. ऐंशीलाच आमचे दरवाजे आपापसांत बोलायला लागतात.

जुन्या गाडीचा प्रश्न वर्ध्यानं पूर्वी एकदा सोडवलाही आहे. जमनालाल बजाजांच्या एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपून ती सेवाग्रामच्या वाटेवर चालवली जायची, असं सांगतात. इंधन कडबा, इथेनॉल शून्य टक्के, दारूबंदीचं पूर्ण पालन. मीही विचार केला. पण आज चांगल्या बैलजोडीच्या किमतीत माझ्या गाडीसारख्या गाड्यांची रांग लागेल, आणि तेवढे पैसे असते तर मी नवीच गाडी घेतली नसती का?

तेव्हा वाचकहो, पवनारच्या पुलाअलीकडे पांढरी एटहंड्रेड उभी आणि बोनेट उघडं दिसलं, तर हॉर्न वाजवून पुढे जाऊ नका. दोघं जण उतरा आणि मागून एक धक्का द्या. गाडी सेकंडमध्ये टाकलेली असते.