ताठ झाड, ताठ मालक

लंडनजवळच्या आपल्या बागेत प्रस्तुत लेखकाने आयरिश यू लावला तो काही वृक्षप्रेमापोटी नव्हे. शेजाऱ्यांकडे गुलाब होते. लेखकाला बागेत ‘व्यक्तिमत्त्व’ हवं होतं. हिरवळीच्या टोकाला एकच गर्द, बारमाही हिरवा, सडपातळ खांब. स्वतःची ढेरी सुटल्यावर माणसाला असली झाडं फार आवडू लागतात.

पाहुणा आला की लेखक वंशावळ काढतो. उत्तर आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यात अठराव्या शतकात एका कुळाला डोंगरावर अशी दोन ताठ रोपं सापडली. एक त्याने स्वतःच्या अंगणात लावलं, ते 1865 मध्ये मेलं. दुसरं जमीनदाराला दिलं, ते फ्लोरेन्स कोर्टच्या आवारात अजून उभं आहे. हा ताठपणा बियांतून उतरत नाही, म्हणून जगभरचे आयरिश यू त्याच झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेले. एवढं खानदान ऐकून इंग्रज पाहुणा म्हणतो, ‘हो, आमच्या चर्चच्या दफनभूमीत आहेत असे.’

पुण्याहून आलेल्या मावशीने थेट विचारलं, ‘याचं खायचं काय?’

काहीच नाही. लाल फळाचा गर सोडला तर पानं, साल, बी, सगळं विषारी.

‘मग कढीपत्ता काय वाईट होता?’

इथे लेखक नंदुरबारला पोचतो. त्या गावाशी त्याचा संबंध एसटी चहाला थांबली होती एवढाच, तरी तो ‘आमचे वाणी’ म्हणतो. मनसुख वाणी 1925 साली नंदुरबारला जन्मले, मुंबईत शिकले आणि अमेरिकेत त्यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर पॅसिफिक यूच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं केलं. 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. 1992 मध्ये अमेरिकेत ते अंडाशयाच्या कर्करोगावर औषध म्हणून मंजूर झालं. साल सोलली की झाड मरायचं. पुढे युरोपीय यूच्या पानांतल्या द्रव्यापासून औषध करण्याची वाट निघाली, आणि लेखकाचा खांब त्याच युरोपीय जातीचा! जणू वाणींनी त्यालाच विचारून संशोधन केलं होतं.

‘पॅक्लिटॅक्सेल म्हणतात तेच का रे?’ मावशीने विचारलं. तिच्या केमोच्या कागदांवर तेच नाव होतं. तिचे केस गेले होते, बोटं बधिर झाली होती. लेखक तेव्हा इथे बसून फोनवर ‘काळजी घे’ म्हणत होता.

‘मग असू दे झाड,’ मावशी म्हणाली.

तुम्ही लावणार असाल तर पाणी तुंबणारी जागा टाळा, मुळं कुजतात. बर्फाच्या भाराने फांद्या फाकतात, त्या वेळीच बांधा. आणि छाटलेला पाला गुराढोरांपुढे चुकूनही टाकू नका.