ढगभाऊ

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमाराला, पारा ४५च्या आसपास असताना, जो माणूस आपणहून कूलर बंद करून गाडी बाहेर काढतो, त्याला पवनारात ढगभाऊ म्हणतात. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच राहू द्या. हप्त्यावर चारचाकी मिळू लागल्यापासून ही मंडळी वर्धा जिल्ह्यात जागोजागी दिसतात. त्यांचा छंद एकच : वादळ बघायला जाणं. घरबसल्या दारात आलेलं वादळ बघणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

आमच्या भाऊंच्या छंदाचं मूळ फिनिक्सला आहे. भाऊंचा भाचा तिथे नोकरीला असतो. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातही पावसाळा असतो, सरकारी तारखांनी १५ जून ते ३० सप्टेंबर, आणि तिथले लोकही त्याला ‘मान्सून’च म्हणतात, हे भाच्यानं सांगितलं तेव्हा भाऊंना घरात चोरी झाल्यासारखं वाटलं. मग व्हिडिओ येऊ लागले. लाल खडकांच्या खोल घळया, वर काळंकुट्ट आभाळ, नजर जाईल तिथपर्यंत मोकळा रस्ता, क्षितिजावर विजा आणि बॉनेटवर कॉफीचा मग. अमेरिकेत लोक पैसे भरून वादळाच्या पाठलागाच्या सहलीला जातात, हे कळल्यावर तर भाऊ बेचैन झाले. “आपल्याकडं फुकटात येऊन रायलं, अन् आपण दारं लावून बसतो! आपलेच लोक येडे.”

तेव्हापासून भाऊंचा मे महिना फोनमध्ये जातो. एका बोटाखाली नागपूरच्या रडारचं चित्र, दुसऱ्याखाली वीज कुठे पडते ते सांगणारं ‘दामिनी’ अ‍ॅप. हवामान खात्यानं ऑरेंज अलर्ट दिला की आर्वी-कारंज्याकडच्या बागाईतदाराच्या पोटात संत्र्यांसाठी गोळा येतो, आणि भाऊ टाकी फुल करायला निघतात. गाडीत दुर्बीण, वही आणि वर्ध्याच्या गोरसपाकाचा डबा असतो. छत्री नसते. छत्री घेऊन जाणं हा पावसावर अविश्वास आहे, असं त्यांचं म्हणणं. शेजारधर्म म्हणून मी मागच्या सीटवर असतो.

सेलूच्या चहाच्या टपरीवर भाऊंचं पहिलं व्याख्यान होतं. तापलेली काळी जमीन, बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा, ती दुपारी कशी वर चढते, ढग दहा-बारा किलोमीटर उंच कसा जातो, वर त्याची ऐरण कशी पसरते. मग पावसाबरोबर थंड हवा खाली कोसळते आणि धूळ उडवत पुढे धावते, तेच आपलं वावधन. सगळं बरोबर असतं, हे मला कबूल केलं पाहिजे. एकदा बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं. त्याची केळीची बाग आदल्या वर्षीच्या वावधनात आडवी झाली होती. कप खाली ठेवून तो म्हणाला, “वावधन येते हे आमाले बी समजते, भाऊ. थे येऊ नये असं काही असन तुमच्या फोनात, तं सांगा.” भाऊंनी चहाचे पैसे दिले. म्हाताऱ्याचेही.

आता मुख्य अडचण सांगतो. भाऊंना वादळ सापडत नाही. उन्हाळी ढगाचं आयुष्यच मुळी तास-दीड तासाचं, तेही पुष्कळदा त्याहून कमी, आणि त्याची धाव काही गावांपुरती. या धुऱ्यावर चिखल आणि त्या धुऱ्यावर फुफाटा, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्यानं पाहिलेलं आहे. आर्वीकडे काळं दिसलं म्हणून गाडी आर्वीकडे वळवावी, तर पोचेपर्यंत तिथे ऊन पडलेलं आणि मागे हिंगणघाटकडे गडगडाट. एकदाच, समृद्धी महामार्गावर, विजांनी भरलेला अख्खा ढग नेमका शेजारी आला. पण त्या रस्त्यावर मनाला येईल तिथे गाडी उभी करायला मनाई. पुढचा इंटरचेंज येईपर्यंत भाऊंनी ते वादळ आरशात पाहिलं आणि टोलही भरला.

धामच्या पुलावर आलो की मला हमखास विनोबा आठवतात. १९३८ साली तब्येत पार ढासळलेली असताना ते पवनारला आले, तेव्हा धाम नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातून सगळं सोडून दिलं होतं. १९५१ साली इथूनच ते दिल्लीला निघाले, तेही पायी. भाऊ त्याच नदीवरून जाताना एसी दोनवरून तीनवर करतात आणि म्हणतात, “काच खाली करू नका, ढग पळते.”

मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी मात्र भाऊ थेट नदीच्या पात्रात उतरले. खडकांवर पाय रोवून, मागे विनोबांच्या आश्रमाचा घाट येईल असा विजेचा फोटो घ्यायचा होता. आमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र. भाऊ मला अमेरिकेतली गोष्ट सांगत होते. अँटिलोप कॅन्यन नावाची चिंचोळी घळ. १२ ऑगस्ट १९९७ला तिथे लोंढा आला आणि ११ जण दगावले. घळीपाशी म्हणावा असा पाऊसच नव्हता, तो पडला होता दूर, वरच्या अंगाला. “म्हणजे काय, की माणसानं डोक्यावर पाहू नये, उगमाकडं पाहावं!” असं भाऊ उगमाकडे पाठ करून सांगत असतानाच काठावरून एक गुराखी ओरडला, “ओ भाऊ, खरांगण्याकडं झोडपलं हो! काहून उभे रायले तिथं? या ना वर!”

आम्ही वर आलो. पाणी काही फार चढलं नाही. भाऊंची एक चप्पल तेवढी घेऊन गेलं. पण त्या गुराख्याजवळ रडार नव्हतं, हे भाऊंना बरेच दिवस खटकत होतं.

खरी गंमत घरी असते. आम्ही वादळाच्या मागे येळाकेळी, महाकाळीचं धरण असे फिरून धुळीनं माखून परततो, तेव्हा पवनारात लाइन गेलेली असते, अंगणात कैऱ्यांचा सडा असतो आणि शेजारच्या गोठ्याची दोन टिनं भाऊंच्या संडासावर येऊन पडलेली असतात. वहिनी मेणबत्तीच्या उजेडात कैऱ्या निवडत असतात. गच्चीवरच्या कुरड्या आणि सरगुंडे केव्हाच घरात आलेले असतात.

“कधी आलं?” भाऊ विचारतात.

“तुमी वळणावरून गेले अन् आलं.”

“तुला कसं समजलं?”

“हवा पडली. कडुलिंबाचं पान हालेना. मुंग्या अंडे घेऊन भितीवर चढल्या.” मग जरा थांबून, “अन् तुमी गाडी काढली.”

यातलं शेवटचं लक्षण आता सगळ्या आळीनं मानलं आहे. भाऊंच्या गाडीचा आवाज आला की बायका गच्चीवर धावतात. तेव्हा पवनारला येऊन तुम्हाला वादळ पाहायचंच असेल, तर भाऊंनी कितीही आग्रह केला तरी त्यांच्या गाडीत बसू नका. वहिनींकडे जा, कुरड्या उचलायला हात लावा आणि ओसरीवर बसा. वीज चमकायला लागली की तेवढं घरात या.