दुमाला मुलूख

स्वतःच्या कोडविषयी माझे मत पूर्वापार अनुकूल असल्यामुळे, ईएसलिंट नामक तपासनिसाने आमच्या प्रोजेक्टची झडती घेऊन दोषांची जी लांबलचक यादी पुढे टाकली, ती वाचताना मला प्रथम दया आली ती त्याच्या अल्पबुद्धीची. बहुतेक दोष ‘डिस्ट’ या फोल्डरातले, म्हणजे यंत्राने आमचाच कोड दळून पाडलेल्या पिठातले होते. बाहेरून आणलेला ‘नोड मॉड्यूल्स’चा डोंगर हा गृहस्थ न सांगताच टाळतो, ‘डिस्ट’ मात्र नावानिशी वगळून द्यावे लागते. तेवढे दिले. परंतु सूट देण्याचा अधिकार एकदा हाती आला की मनुष्याला औदार्य सुचते, आणि त्याचा आरंभ स्वतःपासून होतो: माझ्या उमेदवारीच्या काळातले ‘प्रयोग’ हे फोल्डर मी त्याच बैठकीत माफीत टाकले.

येथे जमाबंदीचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. सरकारात सारा भरणारी गावे ती खालसा, आणि ज्यांचा सारा देवस्थानाला, सरदाराला वा एखाद्या वेदशास्त्रसंपन्नाला तोडून दिलेला ती दुमाला. कंपनी सरकारच्या डोळ्यांत ही दुमाला गावे सलू लागली, तेव्हा 1852 च्या 11व्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दक्षिणेतल्या सनदांची छाननी आरंभिली, आणि ज्यांना हक्क शाबीत करता आला नाही त्यांची इनामे गेली. वाळवी आणि कमिशन या दोघांपुढे एकाच जन्मात उभे राहावे लागलेल्या त्या इनामदारांविषयी मला आत्मीयता वाटते. माझ्या ‘प्रयोग’लाही सनद अशी नाही, वहिवाट आहे.

माफीच्या यादीत तिसरे नाव ‘पगार’. हे फोल्डर नोकरीतून गेलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे. त्यातली एकच फाइल तपासावी म्हणून मी तिच्या नावामागे उद्गारचिन्ह लावून तिला माघारी बोलावले, तो तपासनीस ढिम्म! ‘पगार’पुढे तिरकी रेघ आणि दोन तारका एवढेच लिहिले की तो वेशीच्या आत पाऊलच टाकत नाही, मग आतल्या कुणाला ओळखणार कसा? तारकांपुढे आणखी एक तिरकी रेघ व एक तारका वाहिली, तेव्हा वेस उघडली.

आक्षेप निघाला एकच: ‘कंत्राटी’ हा व्हेरिएबल जाहीर केला आहे, वापरला कोठेच नाही. साऱ्या कचेरीच्या पगाराचा, भत्त्यांचा, भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब पैपर्यंत जुळवणारे ते गृहस्थ स्वतः अखेरपर्यंत कंत्राटावर होते, आणि निघाले त्या दिवशी पुष्पगुच्छापलीकडे त्यांच्या हाती काही पडले नाही. आपल्यासारख्यांकरिता त्यांनी जागा राखून ठेवली असावी. ती भरण्याचा हुकूम वरून आलाच नाही. वरच्यांच्या दप्तराची झडती घेणारा तपासनीस मात्र अद्याप कोणी लिहिलेला नाही.

तो व्हेरिएबल मी काढला नाही. त्या ओळीपुरता मज्जाव करणारी टिप्पणी वर घातली. तीत दोन आडव्या रेघांपुढे कारण नमूद करण्याची सोय असते, तेथे लिहिले, ‘वहिवाट’.