हॅलोभाऊ

वैनगंगेकाठच्या आमच्या आरमोरीत, जिथे भाऊबीज उलटली की आजूबाजूच्या कुठल्या ना कुठल्या गावी मंडई भरते आणि वडशाहून आलेली नाटक-कंपनी पडदा उघडण्यापूर्वी बराच वेळ नुसते ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ करीत असते, तिथे ध्वनिपरीक्षेचे व्यसन जडलेला एखादा तरी गृहस्थ प्रत्येक मोहल्ल्यात आढळावा, यात नवल ते कोणते? पूर्वी हा मनुष्य साउंडवाल्याच्या मागे बिनपगारी उभा असे; घरोघर संगणक आल्यापासून त्याचा अंमल दिवाणखान्यापर्यंत पोचला आहे. लोक त्याला हॅलोभाऊ म्हणतात. पोराची पुण्याच्या कंपनीची मुलाखत असो वा भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण, भाऊंना वर्दी जाते. आणि न गेली तरी भाऊ येतात.

आल्याबरोबर पंखा बंद करण्याचा हुकूम सुटतो. माइकमध्ये फुंकर मारणे हा आतल्या नाजूक पडद्यावर जुलूम आहे, असे बजावून ते बोटाने दोन टिचक्या मारतात, जो जुलूम नव्हे अशी त्यांची ठाम समजूत आहे. मग ‘पोपट, फणस, भाकर’ हा मंत्र. कारण ओठ मिटून उघडताना सुटणारा वाऱ्याचा झोत माइकवर आदळतो, सबब माइक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरावा. पडद्यावरची हिरवी पट्टी तांबडी झाली की भाऊ कळवळतात. “आवाजाचं डोस्कं छाटलं गेलं ना! आता ते मागून जोडता येत नाही,” हा त्यांचा निवाडा, आणि तो तंतोतंत खरा आहे. कानात बिनतारी बोंडे घालून बसलेल्या उमेदवाराची ते विशेष कीव करतात: सेकंदाला ४४,१०० नमुने टिपण्याची ऐपत असलेला संगणक, ब्लूटूथचा माइक जोडताच, बहुधा ८,००० किंवा १६,००० नमुन्यांवर गुजराण करू लागतो आणि बोलणारा रांजणातून बोलल्यासारखा वाटतो.

भजनी मंडळाच्या वेळी मात्र खरा पेच पडला. बुवांनी स्वर लावला, पेटीवाल्याने भाता हलवला. पण ऐकून पाहावे तो बुवा हजर आणि पेटी बेपत्ता! भाऊंनी यथासांग पंचनामा केला. न बदलता चाललेला आवाज तो पंख्याचा, असे गृहीत धरून गोंगाट गाळणाऱ्या सोयीने पेटीचा लांबलेला सूर केराबरोबर झाडून टाकला होता. ती सोय बंद करताच पेटी परतली, पण तिच्यासवे रातकिडे, शेजारची बकरी आणि दूर कुठेतरी चाललेला पाण्याचा पंप हेही मंडळात सामील झाले. मग बकरीची तजवीज करण्यात दोन टाळकरी खर्ची पडले.

“आवाज येऊन रायला का?” भाऊ विचारीत.

“येऊन रायला ना भाऊ, आता गाऊ द्या ना!” बुवा हात जोडीत.

आमच्या या झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा चौकात जो तो त्यांच्या भूमिका आठवू लागला. भाऊंना मात्र रंगमंचावर टांगलेल्या माइकांपैकी कोणत्या रात्री कोणता घुमत होता, एवढेच स्मरत होते. तो तपशील त्यांनी इतक्या तन्मयतेने कथन केला, की अभिनय विसरून ऐकणारेही क्षणभर कान टवकारून उभे राहिले. त्यांच्या संगणकात गाणे नाही, भाषण नाही. आहेत ते केवळ ‘हॅलो’, तारीखवार आणि माइकवार लावलेले. सारे जुळून आल्यावर कोणी म्हटले, “भाऊ, आता तुम्हीच दोन शब्द बोला,” तर भाऊ लगबगीने तार गुंडाळू लागतात.

त्यांच्या ज्ञानाविषयी माझी तक्रार नाही. तालुक्यात ते इतके अचूक दुसऱ्या कोणाला असेल असे वाटत नाही. मात्र ज्यांची मुलाखत सकाळी अकराला असेल, त्यांनी भाऊंना आदल्या दिवशीच बोलवावे, आणि जेवणाचीही सोय ठेवावी.