शंभर मैलांचे चिरंजीव

हल्ली प्रत्येक सोसायटीत असे एक चिरंजीव असतात. वय सोळा-सतरा, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर साऱ्या पृथ्वीची काळजी. पूर्वी या वयात मुलं कवितेच्या नाहीतर तालमीच्या नादी लागत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले चिरंजीव पर्यावरणाच्या नादी लागले आहेत.

कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या एका जोडप्याने 2005 साली वर्षभर शंभर मैलांच्या आत पिकलेलंच खायचं व्रत घेतलं होतं. हे चिरंजीवांच्या वाचनात आलं आणि त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या नकाशात कोथरूडवर कंपासचं टोक रुतलं. शंभर मैल म्हणजे 160 किलोमीटर. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, पुरंदरचे अंजीर, मावळातला इंद्रायणी तांदूळ आत आले. मंगळवेढ्याची ज्वारी, कोल्हापूरचा गूळ आणि जळगावची केळी तडीपार झाली. नाशिक नेमकं पेन्सिलीच्या रेघेवर आलं, म्हणून द्राक्षांचा निकाल राखून ठेवण्यात आला.

मग स्वयंपाकघराची झडती सुरू झाली. चहा आसामचा, हिंग अफगाणिस्तानचा, पिशवीतलं मीठ गुजरातचं, पोळीचा गहू मध्य प्रदेशातल्या सिहोरचा. "आई, हे सगळं बंद!" असं जाहीर करून चिरंजीव क्लासला गेले. चहाच्या जागी कुंडीतली गवती चहाची पात आली, मिठाच्या जागी उरणच्या मिठागरातलं खडेमीठ आलं आणि पोळीच्या जागी बारामतीकडच्या ज्वारीची भाकरी आली. आता त्या घरात आधी चौघांच्या पोळ्या लाटल्या जातात, मग एकट्याच्या भाकरी थापल्या जातात. निर्धार चिरंजीवांचा, पण भाकरी थापणारे हात आईचे. पृथ्वी वाचवताना स्वतःचं ताट उचलायचं राहून जातं, हा तपशील वेगळा.

खरा पेच पडला आषाढी एकादशीला. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमचा निघाला.

"म्हणजे एवढी वर्षं पांडुरंगाने चालवून घेतलं, ते तुला चालत नाही?" आजींनी विचारलं.

"अगं आजी, वरी खा ना. आपल्या मावळातच होते."

"आणि बटाटा रे? तो म्हणे दक्षिण अमेरिकेतला."

"मूळचा तिकडचा. पण आता मंचरकडे पिकतो ना! इतकी वर्षं इथे राहिल्यावर तो इथलाच."

"बरं झालं बाई. मी लग्न होऊन नागपूरहून आले. वाटलं, मला बाहेर काढतोस की काय!"

पण चिरंजीवांची खरी कसोटी पाहिली ती आंब्याने. बाबांनी दरवर्षीप्रमाणे रत्नागिरीहून पेटी मागवली. चिरंजीवांनी नकाशावर पट्टी ठेवली. अंतर सरळ रेषेत मोजलं तरी 160 च्या पुढे गेलं. चांगलंच पुढे गेलं. दोन दिवस घरात आढीचा वास दरवळत होता आणि चिरंजीव काकडी खात होते. तिसऱ्या दिवशी ते चकाकत्या डोळ्यांनी खोलीतून बाहेर आले. 2018 साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर रायगड जिल्हाही आहे, आणि रायगडातलं श्रीवर्धन परिघाच्या आत आहे! बाबा बिचारे दुसरी पेटी आणायला मार्केट यार्डात गेले. आंबा श्रीवर्धनचाच असल्याची आंबेवाल्याने शपथ घेतली. 'पुणे' म्हटलं असतं तर त्याने पुण्याचीही घेतली असती.

तेव्हापासून चिरंजीवांना कायद्याची गोडी लागली आहे. आपल्याबरोबर परिघाचा मध्यही प्रवास करतो, असं पहिलं कलम झालं आणि मामाकडे भुसावळला चिरंजीवांनी केळ्यांचा फडशा पाडला. पाहुणा म्हणून गेल्यावर यजमानाचा परीघ लागू, हे दुसरं. मोबाइल कुठून आला, हे मात्र कोणी विचारू नये. तो खायचा नसतो.

परवा गच्चीवर वाढदिवसाला मुलांनी पिझ्झा मागवला. चिरंजीवांच्या हातात दुसरा तुकडा होता.

"काय हो, हे परिघात बसतं का?" मी विचारलं.

"हो काका. टोमॅटो नारायणगावचे, चीज मंचरचं."

"आणि मैदा?"

चिरंजीवांनी तिसरा तुकडा उचलला. "मैद्याची चौकशी चालू आहे."