चॅनलवाले काका

नेट साफ बंद पडलं तर लोक कंपनीला फोन लावतात. नेट बंद न पडता नुसतंच रेंगाळत असेल, तर मात्र काका. त्यांना बोलवावंही लागत नाही. जिन्यात कुणी "आज फारच स्लो आहे हो" एवढं म्हणायचा अवकाश, दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि काका खिशात टेस्टर खोचून बाहेर येतात. वायफायला टेस्टरचा काडीचा उपयोग नाही. पण तो जवळ असला की हुरूप येतो, असं त्यांचं म्हणणं.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले, असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात ते पाटबंधारे खात्यात हिशेबनीस होते. "शंभरचा प्लॅन घेतलाय आणि डाउनलोड बाराच्या वर जात नाही, लुटतात नुसते!" असं कुणी म्हणालं की त्यांच्यातला हिशेबनीस जागा होतो. "भागिले आठ करा. कंपनी मेगाबिट विकते, तुमचा कॉम्प्युटर मेगाबाइट दाखवतो. शंभर भागिले आठ, साडेबारा. बारा मिळतायत ना? मग कंपनी सज्जन आहे." समोरच्याचा चेहरा पडतो. आठवडाभर ज्या कंपनीला शिव्या घातल्या, ती अशी निर्दोष सुटलेली कुणाला आवडेल?

मग तपासणी. "कधीपासून होतंय? जेवणाच्या वेळी जास्त होतं का?" वैद्याच्या थाटातला हा प्रश्न ऐकून नवखी माणसं गोंधळतात, पण तो नेमका असतो. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा आणि मायक्रोवेव्हही त्याच आसपास, २.४५ वर चालतो. आत आमटी गरम व्हायला लागली की बाहेर मीटिंगमधला साहेब तोंड उघडं ठेवून थिजतो. खात्री करायला काका वहिनींना मायक्रोवेव्ह लावायला सांगतात. रिकामा लावू नये, म्हणून आत काहीतरी ठेवावं लागतं. गरम झालेलं वाया घालवणं काकांच्या तत्त्वात बसत नाही.

खरा रंग भरतो तो डेस्कटॉपपाशी. राउटर हॉलमध्ये, शोभा जाऊ नये म्हणून टीव्हीच्या मागे दडवलेला. कॉम्प्युटर आतल्या खोलीत, टेबलाखाली, पाठ भिंतीला लावून. त्याच्या पाठीत खुपसलेला नखाएवढा डोंगल. मध्ये काँक्रीटची भिंत आणि आरशाचं लोखंडी कपाट. "हे कपाट इथे कुणी ठेवलं?" काका विचारतात. खोलीत शांतता पसरते. कपाट सासूबाईंनी ठेवलेलं असतं. काका तांत्रिक बोलत असतात, ऐकणाऱ्यांना भलतंच ऐकू येतं.

पण माणसाला विद्या येते, हे मान्य केलं पाहिजे. कॅबिनेटच्या मागे निळ्या पोर्टात बाहेरची हार्डडिस्क चालू असली, तर तिचा गोंगाट शेजारच्या डोंगलला बहिरं करतो. काका डोंगल काढतात, हातभर एक्स्टेन्शन वायर लावून त्याला टेबलावर उजेडात आणून ठेवतात, आणि स्पीड खरोखरच वाढतो. "पाच गिगाहर्ट्झवर का नाही टाकत?" असं एखादं कॉलेजचं पोर विचारतं. "पाच वेगवान आहे रे, पण भिंतीला भितो."

रामबाण उपाय ते जाता जाता, जरा खालच्या आवाजात सांगतात. "डेस्कटॉप काय फिरायला जातो? सरळ लॅनची वायर ओढा." सगळे माना डोलावतात आणि कुणीही वायर ओढत नाही, कारण ती हॉलमधून दिसेल. काकांच्या स्वतःच्या घरीही काकूंनी अजून परवानगी दिलेली नाही.

घरोघरीचे पासवर्ड काकांना पाठ आहेत. कुणी कुणाच्या नावाचा ठेवलाय हेही. याबाबतीत त्यांच्या तोंडून आजवर अवाक्षर निघालेलं नाही, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

तरी चॅनलचं प्रकरण मात्र त्यांना भोवलं. २.४ मध्ये चॅनल तेरा, पण एकमेकांच्या पायात न येणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. मोबाइलवर बघताना काकांना दिसलं, की आख्खी बी विंग सहावर कोंबलेली आहे आणि अकरा मोकळा. मग त्यांनी दारोदार जाऊन एकेकाला अकरावर हलवलं. पहिले गेले त्यांची चैन झाली. शेवटचा पोचेपर्यंत अकरावर तीच गर्दी, आणि सहावर चिटपाखरू नाही. आता काकांनी फ्लॅटवार वाटप करणारा तक्ता केला आहे. वार्षिक सभेत तो पार्किंगनंतरचा विषय आहे. तळमजल्याची हरकत आधीच लेखी आली आहे: चेअरमनच्याच फ्लॅटला एक नंबर का?