सव्याज परतफेड

गुंतवलेला पैसा किती काळात वसूल होतो, याच्या हिशेबाला वित्तव्यवहारात ‘पेबॅक’ म्हणतात. सूत्र म्हणजे साधा भागाकार: सुरुवातीचा खर्च भागिले दर वर्षीची निव्वळ मिळकत. कंपनीच्या संचालक मंडळापासून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेपर्यंत ते सगळ्यांना कळते, आणि जे कळते ते बहुधा मंजूर होते.

समजा, छतावर ३ किलोवॅटचे सौर पॅनेल बसवायला १,८०,००० रुपये लागले. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान आले. उरले १,०२,०००. वीजबिलात वर्षाला ३०,००० वाचले, तर ३ वर्षे ५ महिन्यांत पैसे वसूल. विक्रेता इथेच थांबतो आणि सहीसाठी पेन पुढे करतो. पुढच्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका असतो, हे त्याच्या कागदावर नसते. दरसाल १० टक्क्यांनी ती घट धरली, तर वसुली ४ वर्षे साडेचार महिन्यांवर जाते. दुसरी खोट याहून मोठी. वसुलीनंतरचे सूत्राला काहीच दिसत नाही. पॅनेल २५ वर्षे चालो की चौथे वर्ष सरता सरता वादळात उडून जावो, उत्तर तेच. तरीही पद्धत टिकून आहे. हातात पैसा कमी असलेल्याला नफ्याआधी मुद्दल सुटण्याची घाई असते. (बदली जवळ आलेल्या साहेबांनाही.)

बोलीभाषेतल्या इंग्रजीत पेबॅक म्हणजे उट्टे काढणे. पापुआ न्यू गिनीत तर हा शब्द टोळ्यांमधल्या सूडासाठी रूढ आहे. तिथे पुष्कळदा डुकरे आणि रोकड देऊन भांडण मिटवतात. म्हणजे सूडालाही तडजोडीची रक्कम असते.

दोन्ही अर्थ एकत्र आले ते १९९९ च्या ‘पेबॅक’ या चित्रपटात. मेल गिब्सनचा पोर्टर हा चोर लुटीतल्या आपल्या वाट्याचे ७०,००० डॉलर परत मिळवायला निघतो. साथीदाराने दगा दिलेला, पाठीत गोळ्या घातलेल्या, तरी मागणी तेवढीच. समोरचे १,३०,००० समजून बसतात आणि तो पुन्हा पुन्हा आकडा दुरुस्त करतो. व्याज नाही, नुकसानभरपाई नाही: तंतोतंत सौर पॅनेलवाल्याची पद्धत. वसुलीचा खर्च मात्र त्याने धरलेलाच नाही. त्यात माणसांचे मुडदे आहेत आणि त्याच्याच पायाची हातोड्याने चेचलेली बोटे आहेत. कोणताही लेखापरीक्षक हा प्रस्ताव नामंजूर करील.